रुमालाखालचा सौदा

२१ मे, मंगळवार

अब्बा काल हत्तीवरून पडले. म्हणजे छोटा हत्ती, टेम्पो. खऱ्या हत्तीवरून पडले असते तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. बोकड चढवताना त्यातल्या एकानं मागून ढुशी दिली आणि रसूल मुलाणी, सगळ्या बाजारात ज्यांच्या शब्दाला वजन, ते थेट डांबरावर. गुडघ्याखाली प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, दीड महिना पाय टेकायचा नाही.

सकाळपासून अर्धं रहिमतपूर विचारपूस करून गेलं. प्रत्येकानं पायाची चौकशी एका वाक्यात उरकली आणि मुद्द्यावर आला, "आता माल कोण विकणार?" विचारताना कुणी छताकडे बघितलं, कुणी गोठ्याकडे, एकानं तर आमच्या मांजराकडे. मी समोर चहाचा ट्रे घेऊन उभी होते, माझ्याकडे मात्र कुणाचीच नजर गेली नाही. मांजराला विचारलं असतं तर त्यानं तरी माझं नाव सांगितलं असतं.

प्रश्न खोटा नाही म्हणा. बकरी ईद सतरा जूनला. वर्षभर पेंड, मका, लसूणघास घालून पोसलेले बोकड गोठ्यात उभे आहेत. ईदच्या आधी त्यांचा थाट नवरदेवाचा, ईद उलटली की नुसती खाणारी तोंडं. आणि आमच्या घरात मूलबाळ नाही, असं लोक समजतात. मी आहे, पण मोजताना मला धरत नाहीत.

संध्याकाळी मी अब्बांना सरळ म्हणाले, "मी विकते."

"तू?"

"मी. इतिहासात एमए केलंय, बोकडं विकता येणार नाहीत होय?"

"आगं, इतिहासात काय बोकडं हायेत?"

"इतिहासात दुसरं आहे काय, अब्बा?"

ते हसले, हसल्यामुळे पाय दुखला आणि पाय दुखल्यामुळे बहुतेक कबूल झाले. "ठीक हाय अर्फा. ईदपतूर सगळा माल काढून दाव. दावलास तर धंदा तुझा. न्हाई जमलं तर मी सांगीन ते ऐकायचं." मी लगेच हो म्हणाले. 'मी सांगीन ते' मध्ये काय काय मावतं, हे विचारून घ्यायला हवं होतं का? जाऊ दे. जमणारच आहे.

अम्मी दारात उभी राहून ऐकत होती. ती कधीच काही बोलत नाही, आणि मला त्याचा लय राग येतो.

२३ मे, गुरुवार

पहिला बाजार. टेम्पो चालवायला आमचा नेहमीचा ड्रायव्हर कृष्णात होता. मालही झकास होता, मीही झकास होते, आणि एकही बोकड गेला नाही.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आत बोटं बोलतात. एक बोट धरलं की एक, पंजा आवळला की पाच. शून्यं किती ते ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं समजायचं. पटलं नाही तर हात झटकून काढायचा. शेजारी उभा असलेल्याला भाव कळत नाही, आणि सगळ्या दलालांची पोटं त्या न कळण्यावरच चालतात. मी हे सगळं लहानपणी अब्बांच्या बोटांवर शिकले, खेळ म्हणून. खेळ होता तोवर मोहल्ल्यात कौतुक होतं.

भाऊसो दलाल आला. मोठ्या बोकडाचा जबडा उघडून बघितला. "दोन दात झाल्यात, कुर्बानीच्या वयाचा हाय. माल एक नंबर. मालक कुठं हायेत?"

"मीच."

"व्हय, पर खरे मालक?"

मी खांद्यावरचा अब्बांचा चौकड्याचा रुमाल काढला आणि हात पुढं केला. भाऊसो असा मागं सरला की मागची शेळी दचकली. "आवं ताई, तसं नगं. परक्या बाईमाणसाचा हात धरायचा? आमालाबी घरदार हाय."

"मग तोंडानं सांगा भाव."

"तोंडानं? भर बाजारात? लोक काय म्हनतील?"

दिवसभर हेच. टिळा लावलेला आला तो कानाला हात लावून गेला, टोपीवाला आला तो तौबा म्हणत गेला. या देशात हिंदू-मुसलमान एकी होत नाही म्हणतात त्यांना एक दिवस आमच्या बाजारात आणून उभं करायला पाहिजे. बाईनं हात पुढं केला की एकी होते. मलाही कुणाची तंबाखूनं पिवळी झालेली बोटं धरायची हौस नाही. पण मग दुसरा रस्ता काढा ना. तो काढायचा नाही, कारण त्या रस्त्यावरून मी आत येईन.

२४ मे

ग्रीसमधला एक थोर तत्त्वज्ञ लिहून गेलाय की बाईला पुरुषापेक्षा दात कमी असतात. त्याला बायको होती. तिला "जरा आ कर गं" म्हणायचं त्या थोर माणसाला सुचलं नाही, आणि पुढं कित्येक शतकं बाकीच्या थोरांनाही सुचलं नाही. आमच्या बाजारात बोकडाचे सुद्धा दात मोजतात.

जपानात म्हणे बाईनं सुशी करायची नाही, तिचे हात गरम असतात. आमच्या शेजारच्या चारुलताकाकू महिन्यातले चार दिवस लोणच्याच्या बरणीला हात लावत नाहीत, लोणचं नासतं. एवढी ताकद या हातांत असेल तर आम्ही भांडी कशाला घासत बसलोय?

२७ मे, सोमवार

कुंडलहून अजीमचाचा आले. अब्बांचे जुने दोस्त आणि बोकडांचे मोठे व्यापारी. सोबत मुलगा अजहर. मला वाटलं होतं हेही छताकडे बघून बोलणार. पण नाही, चाचांनी चक्क मला समोर बसवलं आणि म्हणाले, "पोरी, तू लय धाडसाची हायस. पर बाजार वाईट असतो. आमचा अजहर येईल तुझ्यासंगं. भाव तू ठरव, हात तो घालील."

मी विचार केला, वाईट काय आहे? भाव माझा, माल माझा, फक्त बोटं उसनी. विलायतेत एके काळी लग्न झालेल्या बाईची मिळकत नवऱ्याची होत असे, तिला सही करायचा सुद्धा हक्क नव्हता. त्या मानानं आपलं बरं चाललंय म्हणायचं.

अजहर सरळ वाटतो. हसरा आहे. बोलतो फार. मला बोकडाचे दात कसे बघायचे ते समजावून सांगितलं. मी पाच वर्षांची असल्यापासून दात बघते, पण त्याचा उत्साह बघून गप्प बसले. एखाद्याला शिकवायला आवडतं, शिकवू दे.

जाताना चाचांनी माझ्याबद्दल बरंच विचारलं. पहाटे उठते का, तब्येत कशी असते, कधी मोठं आजारपण झालंय का, तापट आहे का. मी सगळ्याची खरी उत्तरं दिली. धंद्याच्या माणसाची नजरच वेगळी. आजपर्यंत कुणी मला इतकं गंभीरपणे विचारलं नव्हतं.

३० मे, गुरुवार

अजहरच्या बोटांनी चार बोकड गेले! मी कोपऱ्यात उभी राहून त्याच्या कानात भाव सांगायची आणि तो रुमालाखाली हात घालायचा. परत येऊन मला सांगायचा, "एवढ्यात तुटला." बाजारात सौदा ठरला की तुटला म्हणतात. आत खरं काय झालं ते त्याला आणि समोरच्याला माहीत. मी जे सांगितलं त्याच्या बरंच खाली तुटलं प्रत्येक वेळी. "बाजार पडलाय," म्हणाला. पडला असेल.

भाऊसोनं आज मला "वहिनी" म्हणून हाक मारली. मागच्या आठवड्यात ताई होते. कुणी चांगलं वागायला लागलं की शब्दही गोड निघतात.

२ जून, रविवार

अम्मी सकाळीच म्हणाली, "तो हिरवा डरेस घाल."

"बोकडांना पेंड घालायला हिरवा ड्रेस?"

"चाचा यायलेत. चाचीबी यायलीय." एवढंच बोलून आत गेली. डोळे लाल होते तिचे, कांदा चिरत असावी.

चाचीचा स्वभाव मोठा गमतीचा. मला म्हणाली, जरा चालून दाखव, मला बघू दे तुझा कुर्ता मागनं कसा बसलाय. मग म्हणाली, हस बघू. मी हसले तर माझ्या दातांकडे बघत बसली. मला वाटतं मी तंबाखू-मिसरी लावत नाही ना, हे बघत असावी. धंद्यात बोलणारी माणसं स्वच्छ लागतात. मग हातातली बांगडी काढून माझ्या हातात चढवून बघितली. तिच्या भाचीसाठी बांगड्या घ्यायच्यात आणि भाचीचा हात अगदी माझ्याएवढा आहे म्हणे. काय योगायोग!

पण खरी मजा पुढं. अजीमचाचांनी खाटेजवळ खुर्ची ओढली, अब्बांचा हात धरला आणि वर रुमाल टाकला. मी म्हणाले, "घरात कशाला रुमाल, तोंडानं बोला की."

"सवय गं," अब्बा म्हणाले. "हात हलल्याबिगर आमाला हिशेब सुचत न्हाई."

मी चहा देता देता कोपरांकडे बघत होते. कोपरावरून मला थोडं थोडं कळतं. अब्बा वर चढत होते, चाचा खाली ओढत होते. एकदा चाचांनी हात झटकून काढला. अब्बांनी पुन्हा धरला. किती दिवसांनी अब्बांच्या चेहऱ्यावर रंग आला होता! खाटेवर पडून त्यांचा जीव नुसता कोमेजला होता. शेवटी दोघं एकदम हसले, रुमाल निघाला आणि अब्बांनी अम्मीला साखर आणायला सांगितली. अम्मीच्या हातून वाटी पडली. सगळ्या खोलीत साखर झाली आणि मुंग्यांची ईद आधीच साजरी झाली.

कशाचा सौदा ते मला कुणी सांगितलं नाही. पण मी काय खुळी आहे? चाचांना आमच्या धंद्यात भागीदारी हवीय. दोन बाजारांत माझी चुणूक दिसली असणार. अब्बा सांगत नाहीत, मला ईदला चकित करायचं असेल.

३ जून

अम्मीला विचारलं, "काय ठरलं गं काल?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुला कुनी काय इच्यारलं का?"

"नाही."

"मलाबी न्हाई." आणि भाकरी तव्यावर टाकली.

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. घराबाहेर काय चाललंय याचा तिला पत्ता नसतो.

६ जून, गुरुवार

आज अजहर भारीच रंगात होता. "आपल्या बोकडांना पुढच्या वर्षी वेगळा खुराक घालू. आपला गोठा वाढवू. मागची भिंत पाडू." सगळं आपलं आपलं. किती आपलेपणानं काम करतो! मी म्हणाले, गोठ्याचं मी बघेन. तो हसला आणि म्हणाला, "तू कशाला तरास घेतेस? तू घरातलं बघ की." मी म्हणाले, घरातलं बघायला अम्मी आहे. तर म्हणाला, "ते घर न्हवं." आणि पाणी प्यायला निघून गेला. ऊन फार होतं, डोक्यात गेलं असेल.

पाच बोकड गेले. भाव पुन्हा पडलेलाच. मात्र पलीकडच्या व्यापाऱ्याचे तसलेच बोकड चांगल्या भावानं गेल्याचं कृष्णात म्हणाला. त्याला कसं कळलं देव जाणे.

१३ जून, गुरुवार

सगळं ओळीनं लिहिते.

ईदच्या आधीचा शेवटचा बाजार. मोठे बोकड आजच्यासाठीच ठेवले होते. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. अजहर अजून आला नव्हता. मी बोकड बांधत होते, तेवढ्यात भाऊसो पेढ्याचा पुडा घेऊन आला. पुडा चक्क माझ्यापुढं धरला.

"घ्या वहिनी. तारीख कवा धरली?"

"कसली तारीख?"

"आता लाजताय व्हय! अजीमभाईंनी सांगितलं की. रसूलभाईंनी आन् त्यांनी रुमालाखाली तोडलंय म्हनं. मेहरची रक्कम ठरली, मानपान ठरला, गोठा आन् बाजारातली जागा अजहरच्या नावानं. झ्याक झालं गड्या! माल बी त्यांचा, पोरगी बी त्यांची. एकाच रुमालात दोन सौदं."

मला काही सेकंद फक्त शेळ्या ओरडताना ऐकू आल्या. मग सगळं एकदम समोर आलं. तब्येत कशी असते. चालून दाखव. हस बघू. दात. बांगडी. वहिनी. ते घर न्हवं. साखर. मी, अर्फा रसूल मुलाणी, जगाचा इतिहास कोळून प्यायलेली बाई. माझे दात बघितले आणि मी हसून दाखवले! तो ग्रीक तत्त्वज्ञ बरा म्हणायचा, त्यानं निदान बघितले नव्हते.

रडू येत होतं. पण रडले असते तर भाऊसोनं तेही लाजण्यात जमा केलं असतं. त्यामुळं मी पेढा घेतला आणि शेजारच्या पांढऱ्या बोकडाला चारला.

अजहर आला. घड्याळ, गॉगल, अत्तर. सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढला आणि म्हणाला, "बोल, कितीला काढायचा?"

"तुला काय करायचंय?"

"आगं, हात मीच घालनार ना?"

"तुझा हात तू खिशात घाल."

लोक गोळा व्हायला लागले. अजहर माझ्या जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "तमाशा नगं करू. तुझ्या भल्याचंच चाललंय." इतिहासात बाईचं भलं करणारे इतके झालेत की त्यांच्यातून वाट काढता काढता दम लागतो. विलायतेत चेटकीण म्हणून जाळलं, ते तिच्या आत्म्याच्या भल्यासाठी. चीनमध्ये पाय बांधले, ते तिला चांगलं स्थळ मिळावं म्हणून. शिकू दिलं नाही, कारण एका विलायती डॉक्टरला वाटत होतं शिकल्यानं गर्भाशय सुकतं. आता अजहर माझं भलं करत होता, अत्तर लावून.

मी मोठ्या बोकडाचं दावं धरून उभी राहिले. एकही गिऱ्हाईक पुढं येईना. मी खरंच घाबरले. ऊन चढत होतं आणि माल तसाच होता. माल गेला नाही तर अब्बा सांगतील ते ऐकायचं कबूल केलं होतं, आणि ते काय सांगणार हे आता मला माहीत होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. मलकापूरला हायवेवर मटणाची खानावळ चालवते, नाव मंगल. पदर खोचलेला, आवाज मैदानाला पुरेल एवढा. तिनं बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, कणा दाबून बघितला आणि मला म्हणाली, "तू इकतेस का तो गॉगलवाला?"

"मी."

"मग धर हात. आटवड्याला बोकड लागतं मला. दर खेपंला दिराला धाडते. त्यो रुमालात काय बोलतो आन् मला काय सांगतो, त्याचं त्याला ठावं. आज म्हनलं सोताच जावं."

अब्बांचा रुमाल मी घडी करून पिशवीत ठेवला होता. तो काढायचं सुद्धा सुचलं नाही. ओढणीच टाकली हातांवर. मंगलची बोटं खरखरीत होती, चुलीची आणि मसाल्याची. तिनं तीन बोटं धरली, मी मुठीत पंजा दाबला. तिनं हात झटकला. मी पुन्हा धरला. ती हसायला लागली. चार-पाच झटक्यांत तुटला सौदा. भाव इथं लिहीत नाही, रुमालाखालचं रुमालाखाली. एवढंच लिहिते की अजहरनं "बाजार पडलाय" म्हणून सांगितला होता त्याच्यापेक्षा बाजार चांगला उभा होता.

त्यानंतर माझ्या जिभेचं कुलूप निघालं. मी टेम्पोच्या फाळक्यावर चढले आणि ओरडले, "ज्यांना माझा हात चालत नाही त्यांनी कान उघडे ठेवा! हा काळा, दोन दाती, भाव हा! हा तांबडा, भाव हा! रुमाल नाही, दलाल नाही!" आणि भाव सांगितला. तोंडानं. भर बाजारात.

भाऊसो पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्याकडे असा बघत होता, जणू मी अंगावरचे कपडेच काढलेत. पण ईदसाठी घरचा एक बोकड न्यायला आलेली साधी माणसं होती, त्यांना दलाल परवडत नाही आणि बोटांची भाषा येत नाही. त्यांनी भाव ऐकला आणि सरळ पैसे काढले. रहिमतपूरचे दोघे होते, साताऱ्याचा एक रिक्षावाला, एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची बायको. बायकोनंच बोकड पसंत केला. दुपारपर्यंत गोठा रिकामा. घरच्या कुर्बानीचा एक ठेवला तेवढाच, तो पेढेवाला.

अजहर कधी गेला ते कळलं नाही. अत्तराचा वास मात्र बराच वेळ होता.

१३ जून, संध्याकाळी

घरी आल्यावर रिकामं दावं अब्बांच्या खाटेवर टाकलं. त्यांचा चेहरा उजळला. "समदा गेला?"

"समदा. आता मला सांगा, मी कितीला गेले?"

त्यांना कळायला वेळ लागला नाही. छताकडे बघायला लागले. आता मला समजलं, लोक छताकडे कशाला बघतात.

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"अब्बा, ते वाक्य आज एकदा ऐकलंय."

"माझा पाय असा. तू एकटी. बाजारात तुला कुनी हात देत न्हाई. अजहर चांगला पोरगा हाय, घरचा हाय..."

"तुम्ही मला शब्द दिला होता. विकून दाखव, धंदा तुझा म्हणाला होता. आणि मी तिकडं विकत होते तेव्हा तुम्ही इकडं मला विकत होता. माझ्या हातचा चहा पीत पीत!" आवाज फाटला माझा. रडले. इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मला त्यांचा राग होता आणि त्यांनीच मला बोटं शिकवली होती, दोन्ही एकदम आठवत होतं.

मग अम्मी बोलली. चुलीपाशी उभ्या उभ्या, हात पुसत. "माझ्या येळंलाबी हेच. माझा बाप आन् तुझा आजा, अंगनात बसून, रुमालाखाली. मी आतनं बघत हुते. हात झटकला की मी दाराला कान लावायची. वाटायचं, मी लय म्हाग पडले का लय सस्त? आजपतूर कुनी सांगितलं न्हाई मला." अब्बांकडे बघून म्हणाली, "तुमी तरी सांगायचं की कवातरी."

अब्बांनी पायावरचं पांघरूण उगाच सारखं केलं.

मी पिशवीतून रुमाल काढला. खाटेजवळ खुर्ची ओढली, त्याच खुर्चीवर बसले आणि हात पुढं केला. अब्बांनी हात आखडून घेतला. "हे काय?"

"सौदा. चाचांशी केलात, आता माझ्याशी करा."

"लेकीसंगं कुनी रुमाल टाकतं व्हय?"

"मालकाशी टाकतात. आजपासून मालक मी, तुमचाच शब्द."

मग त्यांनी हात दिला. त्यांची बोटं थंड पडली होती. लहानपणी याच बोटांवर मी पंजा म्हणजे पाच शिकले होते, आणि नंतर वय झालं म्हणून खेळ बंद झाला होता. मी माझी पहिली अट दाबली. त्यांनी हात ओढला. मी सोडला नाही. अम्मी मागं येऊन उभी राहिली आणि तिनं सरळ रुमालाखाली आपलाही हात घातला. तीन हातांचा सौदा या जिल्ह्यात कधी झाला नसेल.

काय ठरलं ते लिहीत नाही. साखर अम्मीनं आणली. या वेळी सांडली नाही.

१७ जून, ईद

नमाज झाली. पेढेवाल्याचं गोश्त वाटून झालं, चारुलताकाकू शाकाहारी म्हणून त्यांच्याकडे शिरखुर्मा पाठवला. अब्बा कुबड्या घेऊन पडवीत बसले होते. दुपारी अजीमचाचा आले, मागं अजहर, गॉगलशिवाय. गळाभेट झाली. मग चाचांनी खुर्ची ओढली, खांद्यावरचा रुमाल काढला आणि अब्बांच्या हाताकडे हात नेला. "रसूल, बाजारात काय ते पोरखेळ झाला म्हनं. इसरून जाऊ. तारखेचं बोलू."

अब्बांनी हात मांडीखाली घातला.

"माझ्याशी नगं बोलू, अजीम. मालक ती हाय. तिच्याशी काय तोडायचं ते तोड."

मी किचनमधून आले, हात पुसले, चाचांच्या समोर बसले आणि माझा रुमाल पसरला. हात पुढं केला. चाचा माझ्या हाताकडे बघत राहिले. मग अजहरकडे, मग छताकडे. त्यांचे दोन्ही हात आपोआप मागं गेले.

"तौबा तौबा! परक्या पोरीचा हात धरू व्हय मी?"

"अख्खी पोरगी घरी न्यायला निघाला होता, चाचा," मी म्हणाले. "हातापाशीच अडलं?"

अम्मी आतून हसली. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा एवढ्या मोठ्यानं हसताना ऐकलं.